‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवत खेळायच्या कल्पनारम्य खेळाच्या नियमांवर बेतलेलं मराठी साहस-पुस्तक इंदूरला छापून विकायचं आहे. कंपनीची परवानगी लागेल का?

नाही लागणार, पण पुस्तकातले नियम कंपनीने खुल्या केलेल्या ‘एसआरडी ५.१’ या मूळ नियमांच्या दस्तऐवजातले हवेत. जानेवारी २०२३ मध्ये खेळाची कंपनी विझार्ड्‌स ऑफ द कोस्टच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. त्यात इतरांना खेळाचे नियम वापरू देणारा २००० सालचा खुला परवाना रद्द करायचा घाट होता आणि साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी होती. खेळाडू खवळले, आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेऊन एसआरडी ५.१ हा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय ४.०’ (श्रेय देऊन कुणीही वापरावं) या परवान्याखाली खुला केला. अटी पाळल्यात तर हा परवाना कुणी परत घेऊ शकत नाही. चाहत्यांनी लढून मिळवलेली ही खरी कमाई आहे. भाषांतर आणि विक्री, दोन्ही चालतं.

पहिल्या पानाच्या मागे दस्तऐवजातलीच श्रेयाची ओळ दोन्ही दुव्यांसकट जशीच्या तशी छापा, खाली ‘मराठी भाषांतर व बदल केले आहेत’ असं लिहा. मुखपृष्ठावर खेळाचं नाव किंवा लोगो नको, तो ट्रेडमार्क आहे. ‘फिफ्थ एडिशनशी (खेळाच्या पाचव्या आवृत्तीशी) सुसंगत’ एवढं पुरे.

गफलत होते ती इथे: विकतच्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकातलं सगळंच एसआरडी ५.१ मध्ये नाही. पात्राची पार्श्वभूमी एकच (अ‍ॅकोलाइट), फीट म्हणजे पात्राचं खास कौशल्यही एकच (ग्रॅपलर). फरगॉटन रेल्म्स हे कंपनीचं काल्पनिक जग तर नाहीच. त्यापेक्षा कथा होळकरांच्या राजवाड्यात घडवा, ती सर्वस्वी तुमची राहील.