‘सर माझ्या मुलीला सारखं बाहेर का बसवतात?’

शालेय संघांत खेळणाऱ्या मुलींचे पालक समुपदेशनासाठी येतात तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात मावते: ‘सर तिला सारखं बाहेर बसवतात, तिचा आत्मविश्वास चाललाय, आम्ही सरांशी बोलावं का?’ या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नाही, परंतु काही वर्षांपूर्वी पुण्यात आलेल्या एका प्रकरणाने मला या तक्रारीकडे निराळ्या बाजूने पाहायला शिकवले. मुलगी नववीत होती आणि शाळेच्या सतरा वर्षांखालील बास्केटबॉल संघात खेळत होती. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर तीन सामन्यांचा हिशेब होता: अकरा मिनिटे, सात मिनिटे, साडेचार मिनिटे. ते प्रत्येक सामन्याला मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसत असत. दहावीच्या मुलींना क्रीडा सवलतीचे गुण मिळावेत म्हणून सर त्यांनाच खेळवतात, असा त्यांचा ठाम समज होता. मुलगी शेजारी बसून ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. वडील बाहेर गेल्यावर ती म्हणाली, ‘बाबांना वाटतं सर पार्शालिटी करतात. तसं नाहीये. माझ्यातच काहीतरी कमी आहे.’

मी मान्य करते की सुरुवातीला माझा अंदाज चुकला. स्टॉपवॉच पाहिल्याबरोबर मी मनाशी ‘पालकांचा दबाव’ असे लिहून मोकळी झाले आणि पहिल्या दोन भेटी वडिलांच्या अपेक्षांवरच खर्ची घातल्या. तो दबाव होता, नाही असे नाही, पण मुलीला खुपत होते ते काहीतरी वेगळेच. ते कळले एका सरावसामन्यात, जो पाहायला मी वडिलांपासून दूर, बेंचच्या मागच्या पायरीवर बसले होते.

पहिल्या क्वार्टरची, म्हणजे सामन्याच्या दहा-दहा मिनिटांच्या चार भागांतल्या पहिल्या भागाची, तीनेक मिनिटे झाली असतील. समोरची मुलगी तिला चुकवून आत शिरली, हिचे पाय जागीच राहिले आणि हात पुढे गेला. फाउलची शिट्टी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा तसेच घडले. सरांनी दुसऱ्या मुलीला टेबलाकडे पाठवले, पंचांनी बदलाची खूण केली आणि ही बाहेर आली. सरांची नजर कोर्टवरच होती. ही त्यांच्यासमोरून गेली, अगदी शेवटच्या खुर्चीवर बसली, टॉवेल मांडीवर घेतला आणि वाकून दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या. अजून तीस मिनिटांहून जास्त खेळ बाकी होता. आपल्याला पुन्हा बोलावतील ही शक्यता तिच्या मनात उरलीच नव्हती.

बास्केटबॉलची गंमत अशी की या खेळात बाहेर येणे म्हणजे बाद होणे नव्हे. फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांत बदललेला खेळाडू परत येत नाही, क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला की त्याची खेळी संपते. येथे मात्र घड्याळ थांबून बदलाची संधी मिळाली की तीच मुलगी पुन्हा आत जाऊ शकते, आणि किती वेळा जावे याला मर्यादा नाही. पाच वैयक्तिक फाउल झाले की मात्र तिचा सामना तेथेच संपतो. म्हणून पहिल्याच क्वार्टरमध्ये दोन फाउल झालेल्या मुलीला प्रशिक्षक बहुधा बाहेर घेतात. शेवटच्या क्वार्टरला ती हाताशी हवी असते. आपली भाषाही येथे थोडी आड येते. ‘बदली’ म्हटले की आपल्याला शिक्षेची बदली आठवते आणि ‘बाहेर काढलं’ याला तर सौम्य अर्थच नाही.

मी शाळेच्या परवानगीने सरांना भेटले आणि त्यांच्याकडून तिन्ही सामन्यांची गुणपत्रके मागून घेतली. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे फाउलसाठी पाच चौकोन असतात. साडेचार मिनिटांच्या त्या सामन्यात तिच्या नावापुढचे दोन चौकोन पहिल्याच क्वार्टरमध्ये भरलेले होते. वडिलांच्या कागदावर मिनिटे होती, फाउल नव्हते. त्यांना हिशेबाची आवड आहे हे ओळखून मी आणखी एक हिशेब मांडला: चाळीस मिनिटे आणि कोर्टवर पाच जणी, म्हणजे एकूण दोनशे मिनिटे, ती बारा जणींत सारखी वाटली तरी एकीच्या वाट्याला सतरासुद्धा येत नाहीत. ते बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिले.

सरांना मी विचारले की बाहेर आलेल्या मुलीशी तुम्ही काहीच का बोलत नाही. त्यांचे उत्तर मी विसरलेले नाही. ‘मॅडम, मुलांच्या टीमवर मी ओरडतो. मुलींना बोललं की त्या मनाला लावून घेतात, म्हणून मी त्यांना काही बोलतच नाही.’ त्यांच्या दृष्टीने ती कणव होती. मुलीने याच गोष्टीबद्दल मला आदल्या आठवड्यात सांगितले होते, ‘मुलांना सर ओरडतात तरी. आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.’ कारण न सांगता घेतलेला निर्णय मुले रिकामा ठेवत नाहीत, त्यात स्वतःच कारण भरतात, आणि चौदा वर्षांची मुलगी ते बहुतेक वेळा स्वतःच्या विरोधातच भरते. या वयाच्या मुलींना जपायचे म्हणून त्यांच्याशी बोलणे टाळणारे शिक्षक मी बरेच पाहिले आहेत. मला तो भेदभावाचाच एक सभ्य प्रकार वाटतो.

सरांशी बोलावे का, या प्रश्नावर आम्ही असे ठरवले की बोलावे, पण मुलीने, सामन्याच्या दिवशी नव्हे, आणि मिनिटांबद्दल नव्हे. तिने माझ्यापुढे वाक्याचा तीनदा सराव केला: ‘सर, मला बाहेर घेता तेव्हा मी काय सुधारायचं ते सांगाल का?’ सरांनी ते मनावर घेतले. बदल झाला की मुलीने आधी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि त्यांनी कारण व पुढचे काम सांगायचे, असा रिवाज त्यांनी सगळ्याच मुलींसाठी सुरू केला. तिला मिळालेले पहिले वाक्य तिने मला पाठ म्हणून दाखवले: ‘दोन फाउल झालेत, तिसऱ्या क्वार्टरला तू हवी आहेस, तोवर त्यांची सात नंबर कुठल्या हाताने ड्रिबल करते ते बघ.’

फाउल होत होते ते पाय लवकर थकत असल्यामुळे, असे सरांचे निरीक्षण होते, म्हणून मी तिच्या आईला हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सुचवले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत पंधरा ते एकोणीस वयोगटातील 59.1 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा ही तपासणी जास्तीची नव्हती. हिचेही थोडे कमी निघाले. तो भाग डॉक्टरांकडे सोपवला.

वडिलांना दिलेले काम सर्वांत अवघड होते. स्टॉपवॉच बंद करायचे, आणि घरी जाताना मुलीने स्वतः विषय काढेपर्यंत स्कूटरवर सामन्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही. पहिल्या दिवशी दोन सिग्नल त्यांनी कसेबसे पार केले, तिसऱ्याला ‘पाणी प्यायलीस ना?’ असे विचारून त्यांनी पळवाट काढली. मी ती चालवून घेतली.

तिची मिनिटे नंतर फारशी वाढली नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवते. जिल्हा स्पर्धेच्या एका सामन्यात संघ एका गुणाने पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत सरांनी तिला बाहेर घेऊन दहावीतली उंच मुलगी आत पाठवली आणि सामना हातचा गेला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती तणतणतच. बसण्याआधीच टेबलावर पेन, स्टेपलर आणि माझा चष्मा मांडून तिने कोण कुठे उभी होती ते मला दाखवले, त्यातले मला निम्मेही कळले नाही. ‘सरांचं चुकलं,’ ती म्हणाली. ‘त्यांची सात नंबर उजवीकडूनच आत येते, मी सांगितलंसुद्धा होतं. तिथं उंची नको होती, पाय हवे होते.’