फिजिशियन असिस्टंटचा कोर्स करून गावात रुग्ण तपासता येतील का?

तुमची बारावी सायन्स झालीय, एमबीबीएसला मार्क पुरत नाहीत, आणि अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली तयार झालेले सहाय्यक, खेड्यापाड्यांत डॉक्टरांच्या बरोबरीनं रुग्ण बघतात असं तुम्ही वाचलंय. इथे तोच कोर्स केला तर गावाकडे तसं काम मिळेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

आजच्या घडीला नाही. स्वतःचा दवाखाना तर नाहीच नाही. मी बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) करून सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स, म्हणजे सीएचओच्या कामासाठीचा जोडअभ्यासक्रम, केला आणि आता बीड जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) आहे, त्यामुळे हा विषय रोजचा आहे.

अमेरिकेत या कोर्सची सुरुवात झाली १९६५ मध्ये. ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले चार जण घेतले. पण मला जास्त आवडतो तो सिएटलचा प्रयोग. १९६९ मध्ये डॉ. रिचर्ड स्मिथ यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात ‘मेडेक्स’ सुरू केलं. तीन महिने वर्गात, आणि पुढचे बारा महिने थेट एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरच्या हाताखाली, बरेचदा खेड्यातच. शिकवणारा डॉक्टर आधीच ठरलेला, आणि शिकून झाल्यावर त्याच्याकडेच काम करायचं ही अपेक्षा. म्हणजे माणूस जिथे लागणार तिथेच तयार करायचा. १९७७ मध्ये कायदा झाला आणि ग्रामीण क्लिनिकमधल्या या असिस्टंटांच्या कामाचे पैसे सरकारी विम्यातून मिळू लागले. त्याशिवाय हे टिकलं नसतं. आता तिकडेही कोर्स पदव्युत्तर झालाय, साधारण सत्तावीस महिन्यांचा, आणि चारातला जेमतेम एक जण प्राथमिक सेवेत उरलाय. बाकीचे सर्जरी, ऑर्थो, इमर्जन्सीकडे.

आपल्याकडे मुळातच उलटं झालं. इथला पहिला कोर्स १९९२ मध्ये चेन्नईत निघाला, तोही हृदयशस्त्रक्रियेला हाताशी माणसं हवीत म्हणून. अशा ठिकाणी शिकलेली मुलं पुढे कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) दिसतात यात नवल ते काय? त्यांना दोष नाही. खोकला, जुलाब, गरोदरपण, बीपी हे त्यांनी रोजच्या रोज पाहिलेलंच नसतं.

खेड्यासाठी मुद्दाम माणसं घडवायचा प्रयत्न छत्तीसगडनं केला. २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा कोर्स काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, मुलांनी पदवीच्या नावावरून आंदोलनं केली, पुढे कोर्स बंद पडला. पण जे शिकून बाहेर पडले ते ग्रामीण वैद्यकीय सहाय्यक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत लागले. नंतर त्यांची तुलना झाली, तेव्हा नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएसवाल्यांच्या तोडीस तोड निघाले आणि आम्ही आयुषवाले (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे शिकलेले) मागे पडलो. वाचताना जरा लागलं, पण खोटं कसं म्हणू?

कारण माझं स्वतःचं ब्रिज कोर्सचं ट्रेनिंग जिल्हा रुग्णालयात झालं. तिथे हाक मारली की फिजिशियन येतो, लॅब खाली, ईसीजी शेजारच्या खोलीत. उपकेंद्रावर आलो तेव्हा नर्सताई, एक आरोग्यसेवक, आशाताई आणि मी. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर माझे बीपी-शुगरचे पेशंट अचानक येईनासे झाले. मला वाटलं, गोळ्यांना कंटाळले. आशाताई हसल्या. “सर, टोळ्या गेल्या की कारखान्याला.” पाच-सहा महिने ऊसतोड, आणि मी हातावर महिन्याच्या गोळ्या ठेवत होतो! हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मग आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून जास्त दिवसांच्या गोळ्या द्यायला लागलो, कार्डावर औषधाचं नाव आणि डोस ठळक अक्षरांत लिहायला लागलो, म्हणजे तिकडच्या दवाखान्यात दाखवता येईल. कुठली टोळी कोणत्या मुकादमाबरोबर कधी निघणार, याची यादी दसऱ्यालाच आशाताईंकडून घेतो. माझ्या सहा महिन्यांतले दोन जरी अशा उपकेंद्रावर गेले असते, तर ते वर्ष वाया गेलं नसतं.

दुसरी गोष्ट फोनची. आमचे वैद्यकीय अधिकारी रात्री अकरालाही फोन उचलतात, म्हणून मी निर्णय घ्यायला धजावतो. ज्याचा साहेब फोन उचलत नाही असा माझा एक बॅचमेट आहे. तो सर्दीलासुद्धा रेफर करतो.

आता तुमच्यापुरतं. मोठ्या हॉस्पिटलात काम करायचं असेल तर फिजिशियन असिस्टंटचा कोर्स वाईट नाही. मात्र गाव हवं असेल तर बी.एस्सी. नर्सिंग किंवा बीएएमएस करून सीएचओ व्हा. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ब्रिज कोर्सचा भाग आता घातलेलाच आहे. नोकरी कंत्राटी आहे. पगार पंचवीस हजार, आणि कामगिरीनुसार वर पंधरा हजारांपर्यंत, तेही कधी वेळेवर, कधी नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. आणि कुठल्याही कॉलेजात फी भरण्यापूर्वी एवढंच विचारा: शिकतानाचं पोस्टिंग कुठे असतं, आणि त्यातले किती दिवस शहराबाहेर?