पोर्टेबल टेबल सॉवर सफाईदार फर्निचर होतं का?

तुम्ही विचारलंय की सांगलीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोर्टेबल टेबल सॉ (टेबलातून गोल ब्लेड वर आलेलं, उचलून नेता येणारं लाकूड कापायचं मशीन) ठेवून सागवानी खुर्च्या-टेबल सफाईदार होतील का, का बिडाच्या टेबलाचं मोठं मशीनच घ्यावं लागेल. होतात की. माझं सगळं काम १० इंची पोर्टेबलवरच चालतं, फक्त खोक्यातून काढून लगेच लाकूड लावायचं नाही.

सोबत येणारं ब्लेड बहुतेक २४ दात्यांचं असतं, उभं चिरायला चांगलं, पण आडवं कापलं की कडेच्या चिपा उडतात. आडव्या कापाला ६० किंवा ८० दात्यांचं कार्बाइडचं घ्या आणि मधलं भोक मोजून घ्या, २५.४ आणि ३० मिमी दोन्ही मिळतात, दुकानदार हाताला लागेल ते देतो. सागात सिलिका असते म्हणून धार लवकर जाते, त्यात पैसे वाचवू नका.

आता खरी गंमत सेटिंगमध्ये आहे. प्लग काढा, एका दात्याला मार्करनं खूण करा, तो दाता पुढं आणून माइटरच्या खाचेपासून (टेबलावर ब्लेडशेजारी असते ती सरळ खाच) अंतर मोजा, मग ब्लेड फिरवून तोच दाता मागं नेऊन परत मोजा. दाता तोच पाहिजे, नाहीतर ब्लेडचा वाकडेपणा पण मापात येतो आणि तुम्ही उगाच बोल्ट ढिले करत बसता. फरक ०.१ मिमीच्या आत आला की फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची बाजूची पट्टी, त्याच खाचेला समांतर लावा. फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडं झुकली असेल तर लाकूड आवळलं जातं, कड काळी पडते आणि फळी सरळ पोटात येते. म्हणून रायव्हिंग नाइफ (ब्लेडमागची पात, कापलेली फट मिटू देत नाही) काढायची नाही, आणि बारीक पट्टी पुश स्टिकनंच ढकलायची.

आडव्या कापाला लाकूड धरून खाचेतून सरकवायचा कंपनीचा माइटर गेज डुगडुगतो, त्यापेक्षा १२ मिमी प्लायची स्लेड (लाकूड ठेवून खाचेतून सरकणारी पाटी) करा आणि गुण्या लावून तपासा. आठ बाय चारचं अख्खं प्लाय मात्र यावर चढवू नका, टेबल लहान पडतं, आधी हातात धरायच्या सर्क्युलर सॉनं तुकडे पाडा.

आणि कापलेली कड तशीच पॉलिशला द्यायची नाही, अर्धा मिमी जास्त ठेवून रंधा मारायचा. मिरजेत सतारमेकर गल्लीत जाऊन बघा एकदा, हाताच्या हत्यारानं काय सफाई येते ते कळेल.

आवाज लई करतंय हे मशीन, शेजारी दुपारी झोपत असतील तर आधीच बोलून ठेवा.