हे खरं, की फक्त मराठी?

प्रिय मनू,

दर शुक्रवारी तुमच्या वर्गात प्रत्येकानं एक 'फन फॅक्ट' सांगायचा असतो. परवा गुरुवारी सकाळी तू त्यासाठी सांगलीच्या आजीला फोन लावलास. आजीनं सांगितलं की हळदीला चुना लावला की ती लाल होते, पूर्वी कुंकू असंच करायचे. फोन ठेवलास आणि मला विचारलंस, "आई, हे खरं आहे, की फक्त मराठी?"

मी म्हटलं, "खरं आहे. दूध संपव."

तू शुक्रवारी ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे सांगून आलीस. तेही खरंच आहे, आणि छान आहे. पण मला रात्री झोप लागेना. तुझा 'फक्त' डोक्यातून जाईना.

पहाटे लक्षात आलं की हे दोन डबे मीच तुला दिलेत. अस्वलं हिवाळाभर का झोपतात असं विचारलंस की मी पुस्तक उघडते, आपण दोघी चित्रं बघतो. तिन्हीसांजेला नखं का कापायची नाहीत असं विचारलंस की मी म्हणते, "आपल्यात नाही कापत." एका प्रश्नाला कारण मिळतं, दुसऱ्याला 'आपल्यात'. मग तू काय समजणार? म्हणून हे पत्र. बाबा वाचून दाखवेल, शब्द अडला की त्याला थांबव.

मी तिसरीत होते. तुझे अण्णाआजोबा तेव्हा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. संध्याकाळी घरी आले की त्यांचा सदरा दारामागच्या खुंटीला अडकवायचे आणि सगळ्या सोप्याला हळदीचा वास सुटायचा. तो वास मला अजून इथे इंग्लंडात, लीड्सला मसाल्याच्या दुकानात शिरलं की गाठतो, आणि मी उगाच दोन मिनिटं जास्त रेंगाळते. बाबाला ते माहीत आहे, तो काही बोलत नाही.

एका रविवारी अण्णा मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून हरिपूरला घेऊन गेले. सांगलीच्या अगदी शेजारी, कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथलं गाव. संगमेश्वराचं देऊळ तू बघितलंयस, तिथं पायऱ्यांवर तुला झोप आली होती. त्या हरिपूरच्या जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेला मोठा खड्डा, पंधरा-वीस फूट खोल, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आपल्या घरातल्या रांजणासारखं. आत पाला, चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वरून बघणाऱ्याला नुसती जमीन दिसते. आत हळद वर्षानुवर्षं चांगली राहते, कारण आत नवी हवा जात नाही, आणि हवेशिवाय किडे जगत नाहीत.

त्या दिवशी एक पेव उघडायचं होतं. माती काढली, झाकण बाजूला केलं, आणि सगळे हमाल लांब जाऊन सावलीत बसले. मला वाटलं आता कुणीतरी उडी मारेल. बराच वेळ गेला. मग एकानं दोरीला कंदील बांधला आणि आत सोडला. कंदील खाली गेला आणि विझला. "अजून नाही," म्हणाला, आणि परत सावलीत. अण्णांनी मला सांगितलं, "ज्योतीला जे लागतं तेच आपल्याला लागतं. तिला श्वास नाही तर माणसालाही नाही." ऑक्सिजन हा शब्द मी त्यानंतर दोन-तीन वर्षांनी शाळेत शिकले. बाईंनी पेटत्या मेणबत्तीवर पेला उपडा ठेवला, ती विझली, आणि सगळ्या वर्गात एकट्या मला हरिपूर दिसलं.

एक सांगू? 'मोबाइलच्या दुकानांचं पेव फुटलंय' असं आजी म्हणते तेव्हा तू हसतेस, कारण तुला तो शब्दच गमतीचा वाटतो. ते हेच पेव. भरलेलं पेव फुटलं की आतलं सगळं बाहेर सांडणार, तसं एखादी गोष्ट एकदम सगळीकडे दिसायला लागली की म्हणतात. हरिपूरची पुष्कळ पेवं २००५ च्या महापुरात पाणी शिरून गेली. तुला दाखवायची राहिली, याचं मला फार वाटतं.

कंदील दुसऱ्यांदा सोडेपर्यंत मला धीर निघाला नाही. मी मातीच्या ढिगावरून उडी मारली आणि पाय मुरगळला. अण्णांनी तसंच सायकलवर घालून घरी आणलं. मोठ्या आजीनं (देवघराच्या वर जिचा फोटो आहे ती, तुझी पणजी) पानाच्या डब्यातला चुना काढला, हळदीत कालवला, आणि ते माझ्या घोट्यावर थापायला लागली. मनू, हळद पिवळी होती आणि चुना पांढरा होता. माझ्या पायावर लालभडक काहीतरी दिसायला लागलं. मला वाटलं, रक्त आलं. मी असा हंबरडा फोडला की शेजारच्या काकू धावत आल्या. मोठी आजी हसली नाही. तिनं परातीत चिमूटभर हळद घेतली, माझ्यासमोर चुन्याचा थेंब टाकला आणि म्हणाली, "बघ. तुझं रक्त न्हाई, हळदीचा रंग हाय ह्यो." मग त्याच्यावर लिंबू पिळलं. लाल परत पिवळं झालं. माझं रडणं तिथंच थांबलं.

पाय चार दिवसांत बरा झाला. लेप लावला नसता तरी झाला असता, असं मला आता वाटतं. पण रंगाचं जे तिनं दाखवलं ते पक्कं खरं. हळदीत कुर्क्युमिन नावाचा रंग असतो. चुना, साबण, सोडा असलं अल्कलीचं काही लागलं की तो लालसर होतो, आणि लिंबासारखं आंबट लागलं की परत पिवळा. म्हणून तर तुझ्या पांढऱ्या फ्रॉकवरच्या खिचडीच्या डागाला मी साबण लावला आणि तू ओरडलीस की डाग वाढला! आजी असले कपडे उन्हात टाकायला सांगते, तेही खरं आहे. तो रंग उन्हाला टिकत नाही. लीड्सच्या उन्हाला जरा जास्त दिवस लागतात इतकंच.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला जड जातंय.

आपल्याकडे नागपंचमीला काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, पुरणाची दिंडं उकडायची. तू दिंडं खातेस, पण कारण कधी विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही. मोठी आजी त्या दिवशी दारात येणाऱ्या गारुड्याच्या नागापुढे वाटीत दूध ठेवायची. नाग दूध पितो, असं तिनं मला सांगितलं होतं आणि मी ते मानलं होतं. चौथीत आमच्या गुरुजींनी सांगितलं, साप दूध पीत नाही. त्याला दूध पचत नाही. गारुडी त्याला तहानलेला ठेवतात, मग समोर येईल त्यात तो तोंड घालतो. आणि पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही, पुंगी हलते तिच्याकडे बघून हलतो.

मी धावत घरी आले आणि चारचौघांत, शेजारच्या काकू बसलेल्या असताना, मोठ्या आजीला म्हटलं, "तू खोटं सांगतीस."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती म्हणाली, "अर्ध्या हळकुंडानं पिवळी होऊ नगंस. तुझ्या गुरुजींना इचार, शेतातलं उंदीर कोण खातं?"

गुरुजींना विचारलं. साप खातो. धामण तर शेतातच असते, तिला विष नसतं, म्हणून जाणते शेतकरी तिला मारत नाहीत. दुधाच्या बाबतीत गुरुजी बरोबर होते. उंदरांच्या बाबतीत आजी बरोबर होती, आणि वर्षातून एक दिवस सापाला हात जोडायचे तर त्यासाठी उंदीर पुरेसे आहेत. पण 'खोटं' हा शब्द मी तिच्यासाठी वापरायला नको होता. ती खोटं बोलत नव्हती, तिला तिच्या आईनं जे सांगितलं ते ती मला देत होती.

पुढच्या नागपंचमीला गारुडी आला तेव्हा तिनं त्याला लाह्या आणि पैसे दिले, दूध दिलं नाही. वाटी पाटावर काढलेल्या नागाच्या चित्रापुढे ठेवली. पूजा झाल्यावर ते दूध मला प्यायला दिलं. एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

त्यामुळे तू विचारलंस तेव्हा मला लागलं ते तुझ्यामुळे नाही, बाळा. तू तर माझ्यापेक्षा कितीतरी सभ्यपणे विचारलंस.

काही गोष्टी मधल्याच असतात. रात्री झाडाला हात लावला की मोठी आजी म्हणायची, "झाड झोपलंय." मी बॅटरी घेऊन परसात गेले. चिंचेची पानं खरंच मिटलेली होती, जोडीजोडीनं. पानाच्या बुडाशी एक फुगीर भाग असतो, त्यातलं पाणी इकडचं तिकडं झालं की पान मिटतं. शेजारचा आंबा मात्र ढिम्म, दिवसा होता तसाच. म्हणजे ती निम्मी बरोबर. निम्म्यालाही आपल्याकडे स्वतःचा शब्द आहे, आणि पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांनाही. अण्णा दीडचा पाढा म्हणायचे, एक दिडे दीड, दोन दिडे तीन, तीन दिडे साडेचार. दुकानाचा हिशोब त्यावरच चालायचा. तुला अपूर्णांक शिकताना पिझ्झाचे तुकडे काढावे लागले तेव्हा मला तो पाढा म्हणावासा वाटला होता. म्हटला नाही. तुला वाटलं असतं, आई आता हेही शिकवायला लागली.

तसं मला होऊ द्यायचं नाही. तुला सगळं आवडलंच पाहिजे असं नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ही हळद सांगलीचीच असा सरकारी शिक्का, मिळालं तेव्हा अण्णांनी फोनवर किती आनंदानं सांगितलं होतं, आणि तू मागून ओरडत होतीस की तुला हळदीचं दूध नको. नको तर नको.

आणि नखांचं. मला कारण माहीत नव्हतं, म्हणून 'आपल्यात' म्हटलं. अंधारात नख कापताना बोट कापायचं, तुटकं नख जेवणात जायचं, म्हणून असेल असं मला वाटतं. आपल्या घरात आता दिवा आहे. तू संध्याकाळी काप, मी अडवणार नाही.

आज तू पोहायला गेली होतीस तेव्हा मी हळदीच्या पाण्यात कागद बुडवून खिडकीत वाळवलाय. तो या पत्राखाली आहे. चुना इथं मिळाला नाही, पण साबणाची वडी सिंकपाशी आहे, आणि अर्धं लिंबू फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात. मी स्वयंपाकघरात येणार नाही. झालं की कागद घेऊन आजीला फोन लाव. ती नऊला झोपते, म्हणजे आपल्या दुपारी साडेतीनच्या आत.

तुझी
आई