डोमेन, होस्टिंग, डीएनएस, कॅश : कुठला शब्द कुठे राहतो

तुमचा प्रश्न मला कळला तो असा : संस्थेची जुनी साइट नव्या जागी न्यायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. साइट करून देणाऱ्याचा मेल आलाय, ‘डोमेन रिन्यू करून घ्या, डीएनएसमध्ये ए रेकॉर्ड बदला, एसएसएल आम्ही लावतो, होमपेज रिस्पॉन्सिव्ह करून देतो, बदल दिसला नाही तर कॅश क्लिअर करा.’ त्यातलं ‘करा’ तेवढं तुम्हाला कळलं, आणि आता सोप्या अर्थांची यादी हवी आहे.

यादी देता येईल, पण मी देणार नाही. मीही सुरुवातीला वहीत शंभरेक शब्द उतरवून घेतले होते. सर्व्हर म्हणजे काय असं कोणी विचारलं की घडाघडा सांगायचे, आणि साइट बंद पडली की घरचा राउटर बंद-चालू करत बसायचे. अर्थ पाठ होते, पण कुठली वस्तू कुठे असते याचा पत्ता नव्हता. म्हणून नवा शब्द कानावर आला की आधी एवढंच विचारा : हे माझ्या यंत्रात आहे, वाटेत आहे, की पलीकडच्या यंत्रात?

इंटरनेट आणि वेब हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, तिथूनच घोळ सुरू होतो. इंटरनेट म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडणारं जाळं आणि त्यावरून माहितीची पाकिटं कशी धाडायची याचे नियम. त्या नियमांचं नाव टीसीपी-आयपी. अर्पानेट हे जुनं जाळं १ जानेवारी १९८३ ला त्यांवर आलं. वेब त्यानंतरचं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला : एकमेकांना लिंकने जोडलेली पानं, इंटरनेटवरून मागवायची आणि ब्राउझरमध्ये बघायची. ईमेल वेबपेक्षा जुनं आहे आणि त्याची वाटही वेगळी आहे. हे इतिहासाच्या हौसेखातर सांगत नाहीये. साइट हलवताना संस्थेचे मेल बंद पडतात, ते हाच फरक विसरल्यामुळे. त्यावर पुढे येतेच.

आता एक पान मागवून बघू. ब्राउझर हा तुमच्या यंत्रातला प्रोग्रॅम. क्रोम, फायरफॉक्स, सफारी वगैरे. (गूगल हा ब्राउझर नव्हे, ते सर्च इंजिन. म्हणजे तीही शेवटी एक साइटच. पत्त्याच्या जागेत पूर्ण पत्ता टाकला तर मध्ये गूगलला विचारायची गरजही नसते.) तुम्ही जो पूर्ण पत्ता टाकता तो यूआरएल. समजा तो ‘एचटीटीपीएस://संस्था.कॉम/फोटो/सहल.एचटीएमएल’ असा आहे. पहिला तुकडा कुठल्या पद्धतीने बोलायचं ते सांगतो, मधला ‘संस्था.कॉम’ हे डोमेन, आणि पुढचं सगळं म्हणजे त्या यंत्रातल्या कुठल्या फोल्डरमधली कुठली फाइल. नुसतं डोमेन टाकलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही, तर सर्व्हर सहसा ‘इंडेक्स’ नावाची फाइल शोधून देतो. तेच तुमचं होमपेज.

पण यंत्रांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक सर्व्हरला आयपी पत्ता असतो. जुन्या पद्धतीत तो ० ते २५५ मधल्या चार आकड्यांचा, मध्ये टिंबं. असे जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. ते पुरेनात म्हणून आयपीव्ही६ ही लांब पत्त्यांची पद्धत आली. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. ही पूर्वी नव्हती. सगळ्या यंत्रांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये असायचे आणि जो तो तिची प्रत उतरवून घ्यायचा. यंत्रं वाढली तशी ती फाइल आवरेना, आणि १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना केली.

तुमच्या मेलमधला सगळ्यात जपून वाचायचा शब्द हाच. तुमच्या डोमेनच्या नावाखाली डीएनएसमध्ये ओळींचा एक छोटा तक्ता असतो. त्यातली ए रेकॉर्डची ओळ सांगते की साइट अमुक आयपी पत्त्यावर आहे. एमएक्स रेकॉर्डची ओळ सांगते की या नावाचे मेल तमुक सर्व्हरकडे द्यायचे. आणि हा तक्ता कोणाकडे ठेवलाय, ते नेमसर्व्हर सांगतात. म्हणजे नुसता ए रेकॉर्ड बदलला तर साइट नव्या घरी जाते आणि मेल आहेत तिथेच येत राहतात. पण कोणी ‘सोपं पडतं’ म्हणून नेमसर्व्हरच बदलून टाकले, तर जुना तक्ताच बाजूला पडतो. नव्या तक्त्यात एमएक्सची ओळ कोणी भरली नसेल तर साइट झकास दिसते आणि मेल गायब. दोन दिवसांनी कोणीतरी विचारतं, ‘तुम्ही उत्तर का देत नाही?’ तुमच्या माणसाने ए रेकॉर्ड म्हटलंय, नेमसर्व्हर नाही. जाणकार दिसतो.

त्या तक्त्यात टीटीएल नावाचा आकडा असतो, सेकंदांत. ३६०० असेल तर वाटेतले डीएनएस सर्व्हर जुनं उत्तर तासभर लक्षात ठेवून तेच देत राहतात. म्हणून बदल केल्यावर एकाला नवी साइट दिसते, दुसऱ्याला जुनी, आणि दोघंही खरं बोलत असतात. हलवायच्या आदल्या दिवशी तो आकडा ३०० करून ठेवायला सांगा, हा काळ बराच आटोपतो.

डोमेन आणि होस्टिंग ही दोन वेगळी बिलं आहेत, एकाच दुकानात भरली तरी. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे साइटच्या फाइली ठेवायला सर्व्हरवर घेतलेली जागा. नाव विकत मिळत नाही; रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, ठरावीक वर्षांसाठी नोंदवावं लागतं. डॉट कॉमसारख्या नावांना एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षं मिळतात, मग पुन्हा रिन्यू. त्याची आठवण ज्या ईमेलवर येते तो कोणाचा आहे, हे आजच बघा. मी एका छोट्या मंडळाची साइट सांभाळत होते, तिचं डोमेन आधीच्या कारागिराने स्वतःच्या मेलवर नोंदवलं होतं. तो काम सोडून गेला, आठवणीची पत्रं त्याच्या जुन्या मेलवर पडत राहिली आणि एका सकाळी साइटच्या जागी जाहिरातींचं पान. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत मिळते, तिच्या शेवटच्या टप्प्यात आम्ही ते सोडवलं. तेव्हापासून मी होस्टिंग कुठेही घेते, पण डोमेन ज्याचं त्याच्याच नावावर आणि ज्याचं त्याच्याच मेलवर.

सर्व्हरबद्दल फार भीती नको. तो एक संगणकच, फक्त सदैव चालू असलेला आणि मागणी आली की फाइल देणारा. क्लाउड म्हणजेही दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीतले असेच संगणक, आभाळात काही नसतं.

पण तुमच्या संगणकात आणि त्याच्यात एक बारीक फरक आहे, त्याने माझी एक अख्खी दुपार खाल्ली. पानं माझ्या लॅपटॉपवर अगदी नीट दिसत होती. फाइली एफटीपीने (फाइली सर्व्हरवर पाठवायची एक पद्धत) वर चढवल्या, आणि तीन फोटोंच्या जागी तुटक्या चित्राची खूण. फोटो सर्व्हरवर आहेत, नाव बरोबर आहे, फोल्डर बरोबर आहे. पुन्हा चढवले, तेच. शेवटी नाव अक्षरा-अक्षराने ताडून पाहिलं. कॅमेऱ्याने फाइलच्या शेवटचं ‘जेपीजी’ मोठ्या लिपीत लिहिलं होतं आणि मी पानात छोट्या लिपीत. विंडोजला दोन्ही सारखेच. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि तिथे मोठा ‘जे’ आणि छोटा ‘जे’ म्हणजे दोन निराळी नावं. तेव्हापासून फाइलची नावं सगळी छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता, जागेऐवजी आडवी रेघ. एवढं पाळलं तरी अर्ध्या तक्रारी होणारच नाहीत.

आता पान कशाचं बनतं. एचटीएमएल हा सांगाडा : हा मथळा, हा परिच्छेद, हे चित्र, ही लिंक, असं कोनी कंसातल्या टॅगांनी सांगायचं. सीएसएस म्हणजे रूप : रंग, फॉन्ट, अंतरं, मांडणी. जावास्क्रिप्ट म्हणजे हालचाल : बटण दाबल्यावर मेनू उघडणं, फॉर्ममध्ये चूक असली तर तिथल्या तिथे सांगणं. (जावास्क्रिप्ट आणि जावा यांचं नावापलीकडे नातं नाही.) हे तिन्ही सर्व्हरवर ठेवलेले असतात, पण चालतात तुमच्या ब्राउझरमध्ये. खात्री करायची असेल तर संगणकावर कुठल्याही साइटच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. कडेला एचटीएमएल उघडेल. मथळ्याच्या शब्दांवर दोनदा क्लिक करून तिथे स्वतःचं नाव लिहा आणि एंटर दाबा. साइटवर तुमचं नाव! आता पान रिफ्रेश करा. गेलं. तुम्ही बदललीत ती तुमच्याकडे आलेली प्रत. मूळ फाइल पलीकडच्या यंत्रात जशीच्या तशी होती. वेबबद्दल इतकं पटकन शिकवणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. आणि हो, ‘अमक्या साइटवर असं लिहिलंय’ म्हणून फिरणाऱ्या स्क्रीनशॉटवर विश्वास का ठेवू नये, तेही यातच कळतं.

यावरूनच फ्रंटएंड म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा भाग आणि बॅकएंड म्हणजे सर्व्हरवर चालणारा, डेटाबेसशी (माहितीच्या नीट लावलेल्या साठ्याशी) बोलणारा भाग. वर्डप्रेससारख्या सीएमएसमध्ये, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मजकूर डेटाबेसमध्ये असतो आणि पान मागितलं की जुळवून दिलं जातं, म्हणून तुम्हाला एचटीएमएल न लिहिता मजकूर बदलता येतो. प्लगिन म्हणजे त्याला लावायचं जोडकाम. कमी लावा, आणि लावलेली अपडेट करत राहा.

रिस्पॉन्सिव्ह हा शब्द इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये रूढ केला. मोबाइलसाठी वेगळी साइट न करता तीच पानं पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला बसवून घेतात, ते काम सीएसएस करतं. तपासायला फोन हवाच असं नाही. संगणकावर ब्राउझरची खिडकी अरुंद करत न्या. रकाने एकाखाली एक आले तर ठीक, खाली आडवं सरकवायची पट्टी दिसली तर काम अपुरं आहे.

एसएसएल हे जुनंच नाव लोकांच्या तोंडी राहिलंय, आता चालतं ते टीएलएस. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून ते कुलूपबंद करायचं, त्यासाठी सर्व्हरवर एक प्रमाणपत्र लावतात. ही वाटेतली गोष्ट आहे. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की लबाड, हे त्यातून कळत नाही. फसवणाऱ्यालाही हे प्रमाणपत्र मिळतं. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था ते फुकट देते, तेव्हा बिलात त्याची वेगळी रक्कम असेल तर कशासाठी ते विचारा.

साइट उघडली नाही तर नुसतं ‘चालत नाही’ असं कळवू नका, पडद्यावरचा आकडा सांगा. ४०४ म्हणजे सर्व्हर भेटला, पण ती फाइल त्याच्याकडे नाही. ५०० म्हणजे फाइल किंवा प्रोग्रॅम आहे, चालवताना तिथे काहीतरी फसलं; तो त्यांचा विषय. आकडाच नसेल आणि ‘सर्व्हर सापडला नाही’ असं येत असेल, तर मागणी तिथवर पोचलीच नाही : तुमचं नेट, पत्त्यातली चूक किंवा डीएनएस.

कॅश म्हणजे पुन्हा पुन्हा आणायचा ताप नको म्हणून जवळ ठेवलेली प्रत. ती तुमच्या ब्राउझरमध्ये असते, सर्व्हरवरही असू शकते, आणि सीडीएन (ठिकठिकाणी प्रती ठेवून जवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) वापरत असतील तर वाटेतही. म्हणून ‘कॅश क्लिअर करा’ म्हणणाऱ्याला ‘कुठली?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आधी पान ब्राउझरच्या प्रायव्हेट खिडकीत (क्रोममध्ये ‘इन्कॉग्निटो’) उघडा. तिथे नवं दिसलं तर जुनी प्रत तुमच्याच ब्राउझरमध्ये होती, तिथेही जुनंच दिसलं तर चेंडू त्यांच्याकडे.

एक आपल्या लिपीपुरतं. पानाच्या सुरुवातीला अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ असल्याचं लिहिलेलं नसेल तर देवनागरीच्या जागी विचित्र रोमन खुणांची रांग येऊ शकते. आणि संस्थेची जुनी पत्रकं युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक आकडे देणारी पद्धत) आधीच्या फॉन्टांत टाइप केलेली असतील तर ती चिकटवून चालणार नाहीत, कन्व्हर्टरमधून काढून एकदा वाचावी लागतील. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. हे काम कोण करणार ते आताच ठरवा, शेवटच्या आठवड्यात ते तुमच्यावरच येतं.

ए रेकॉर्डला हात लावण्याआधी आत्ताच्या डीएनएस तक्त्याचा पूर्ण स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि डोमेन संस्थेच्या मेलवर नोंदलंय की त्या माणसाच्या, एवढं इथे कळवा (मेलचा पत्ता टाकू नका). त्याच्या मेलवर असेल तर बाकी सगळं थांबवून आधी ते बदलून घ्यायचंय. कसं ते सांगते.