आठ इंच सांगितला, दीड इंच साचला

प्रश्न: माझी मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिकडे वादळ येणार, सहा ते दहा इंच बर्फ साचणार, असं दोन दिवस आधीपासून सांगत होते. शाळा बंद ठेवल्या, जावयांनी सुट्टी टाकली, दूध-ब्रेड, मीठ, फावडं, सगळी तयारी झाली. इथे मी रात्रभर फोन उशाशी घेऊन जागी. प्रत्यक्षात सकाळी पाऊस, दुपारी मोठमोठे भिजके पुंजके, आणि संध्याकाळी गवतावर जेमतेम दीड इंच लगदा. रस्ते नुसते ओले. फोनवर दिवसभर ३४ फॅरनहाइट दिसत होतं. आणि नणंदेचा मुलगा पार्सिपनीला, गाडीने पाऊण तासावर, त्याच्या दारात मात्र अकरा इंच! एकच वादळ, मग असं कसं? शिवाय ३४ म्हणजे शून्याच्या वर, तर बर्फ पडलाच कसा? जावई म्हणतात, यापुढे या अंदाजांकडे बघायचंच नाही.
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: ताई, जावयांचं ते शेवटचं वाक्य वाचलं आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुमचं हातात घेतलं. मी हवामान निरीक्षक होतो. नोकरीतले दोन हिवाळे श्रीनगरच्या वेधशाळेत काढले. तुमच्या मुलीकडे पडला तसा, पडू की नको अशा काठावरचा बर्फ मी हाताने मोजलेला आहे. म्हणून जावयांना एवढं नक्की कळवा, की असा अंदाज चुकतो तेव्हा बहुतेक वेळा अर्ध्या-एक अंशाने चुकतो. आकाशातून किती पाणी येणार, हे त्यांनी बऱ्यापैकी बरोबर सांगितलेलं असतं. त्या पाण्याचा जमिनीवर किती जाड थर बसणार, तिथे सगळं बिघडतं.

पावसाचं मोजमाप सरळ असतं. २० मिलिमीटर पाऊस नौपाड्यात पडो की नेरुळात, तो २० मिलिमीटरच. बर्फाच्या इंचाचं तसं नाही. एक इंच पाण्याचा दहा इंच बर्फ हा ढोबळ हिशेब. कडक थंडीत तेवढ्याच पाण्याचा पंधरा-वीस इंच भुसभुशीत थर होतो आणि शून्याच्या आसपास पाच-सात इंचांचा जड, चिकट थर. मध्यंतरी नातीला हे दाखवायचं होतं, तर तलावपाळीवरच्या गोळेवाल्याकडून साधा किसलेला बर्फ आणला, रंगाशिवाय. एक पेला न दाबता काठोकाठ भरला आणि वितळू दिला. पाणी पेल्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर आलं. दुसरा पेला चमच्याने दाबून भरला, त्याचं पाणी अर्ध्याच्या वर गेलं. पेले तेच, बर्फ तोच, फरक फक्त मधल्या हवेचा.

आता एडिसनचा हिशेब मांडू. माझ्याकडे तिथले त्या दिवसाचे आकडे नाहीत, तेव्हा समजण्यापुरते धरू. सहा ते दहाचा मध्य, आठ इंच बर्फ सांगितला असं धरलं, म्हणजे दहास एक या हिशेबाने साधारण २० मिलिमीटर पाणी. समजा वीसच्या वीस मिलिमीटर आलं. त्यातलं पाच सकाळी पाऊस म्हणून वाहून गेलं. आठेक मिलिमीटर बर्फ होऊन पडलं, पण पडल्या पडल्या ओल्या जमिनीवर विरघळलं. उरले सात. ते भिजके, म्हणजे पाचास एक. सात पंचे पस्तीस, पस्तीस मिलिमीटर म्हणजे दीड इंचाच्या आतबाहेर. आकाशातून पाणी सांगितलं तेवढंच आलं, आणि तरी आठाचे दीड झाले!

३४ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १.१ सेल्सिअसला, बर्फ कसा पडतो हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. वेधशाळेतल्या जाळीदार झडपांच्या पांढऱ्या पेटीत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीचं ओलं कापड गुंडाळलेलं. कापडातलं पाणी उडतं, जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून तो दुसरा खालचा आकडा दाखवतो. आपला माठ जसा गार होतो तसंच. खाली येणारं हिमकण म्हणजे ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटरच समजा. हवा कोरडी असेल तर ३ अंशांतही ते टिकतं. हवेचं तापमान ३ आणि आर्द्रता निम्मी असली, तर ओल्या थर्मामीटरचा पारा शून्याच्या किंचित खाली असतो. पण समुद्रावरून दमट वारा येत असेल, तर दोन्ही थर्मामीटर जवळजवळ एकच आकडा दाखवतात आणि अजून थंड व्हायला जागाच उरत नाही. एडिसन रॅरिटनच्या खाडीपासून लांब नाही. मार्चात तिथला समुद्र गोठणबिंदूच्या चार-पाच अंश वर असतो. तिकडून वारा आला की तो एक अंश हटता हटत नाही.

श्रीनगरची एक रात्र सांगतो. जानेवारी, चिल्लई कलानचे, म्हणजे तिकडच्या सगळ्यात कडक थंडीचे दिवस. संध्याकाळपासून क्वार्टरच्या पत्र्यावर पावसाचा ताशा वाजत होता. दोनच्या सुमारास तो थांबला. मला वाटलं पाऊस थांबला. माझे काश्मिरी सहकारी अंथरुणातूनच म्हणाले, "शीन." शीन म्हणजे बर्फ. तिकडे पाऊस बर्फात बदलला की तो आधी कानाला कळतो, कारण आवाज जातो. बाहेर जाऊन पाहिलं तर पारा ०.४ वर. सकाळी साडेआठच्या निरीक्षणाला पट्टी रोवली, जेमतेम चार सेंटिमीटर. मग पर्जन्यमापकात साठलेल्या बर्फात मोजून गरम पाणी ओतलं, सगळं वितळल्यावर पुन्हा मोजलं आणि ओतलेलं पाणी वजा केलं. बारा मिलिमीटर निघालं. दहास एक धरलं असतं तर बारा सेंटिमीटर थर हवा होता. सहकाऱ्यांनी मूठभर बर्फ उचलून दाबला, बोटांतून पाणी गळलं. तेवढ्यावरून ते ओळखत. आणि त्याच रात्री पन्नासेक किलोमीटरवरच्या, हजार मीटरहून जास्त उंच असलेल्या गुलमर्गला गुडघाभर बर्फ होता. तुमच्या नणंदेच्या मुलाचं उत्तर तिथेच आहे.

पार्सिपनीच्या बाजूला जमीन चढत जाते, टेकड्या लागतात, आणि समुद्र मागे राहतो. हवा दर शंभर मीटरला अर्ध्या अंशाहून थोडी जास्त थंड होते. एरवी आपण त्याला विचारत नाही. येऊरला गेलं की जरा गार वाटतं, एवढंच. पण शून्याच्या काठावर तो अर्धा अंशच निकाल लावतो. पुढे त्यात भर पडते ती बर्फाच्या जोराची. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात आणि तो त्या भोवतालच्या हवेतून घेतो. एक मिलिमीटर पाण्याइतका बर्फ पडता पडता वितळला, तर खालची ३०० मीटर जाडीची हवा साधारण एक अंशाने थंड होते. म्हणजे जिथे बर्फ जोरात येतो तिथे तो स्वतःच हवा ओढून शून्यावर आणतो आणि पुढचा बर्फ टिकतो. जिथे रिमझिम येतो तिथे हवा तेवढी थंड होतच नाही. जोराच्या पट्ट्याही अरुंद असतात, वीस-तीस किलोमीटरच्या. अकरा इंच आणि दीड इंच यांतलं अंतर असं दोन्ही बाजूंनी वाढत जातं.

हे फक्त तुमच्या घरच्यांच्या वाट्याला आलेलं नाही. ७ मार्च २०१८ च्या वादळात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात तीन इंचांच्या आसपास बर्फ साचला आणि न्यू जर्सीच्या आतल्या भागात, माँटव्हिलला, पंचवीस इंचांहून जास्त. माँटव्हिल म्हणजे पार्सिपनीचा शेजारच. आपल्याकडचं आठवायचं तर २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पंचाहत्तरसुद्धा नाही. ठाण्यात गुडघाभर पाण्यातून घरी परतलेल्यांना कुलाब्यातला माणूस म्हणत होता, पाऊस कुठेय?

राहिली जमीन. गोळेवाल्याचा उरलेला बर्फ मी दोन ठिकाणी ठेवला होता, ओट्याच्या कडाप्प्यावर आणि लाकडी पाटावर. कडाप्प्यावरचा बघता बघता बसला, पाटावरचा बराच वेळ टिकला. डांबरी रस्ता हा तिथला कडाप्पा. डिसेंबरात न्यू जर्सीला दुपारचा सूर्य क्षितिजापासून २६ अंश वर येतो, मार्चच्या सुरुवातीला ४३ वर. ढगातूनही ती ऊब रस्त्यात मुरते. म्हणून गवत, कौलं आणि गाड्यांचे टप आधी पांढरे होतात, रस्ता शेवटी. हेच वादळ रात्री आलं असतं, तर तुमच्या मुलीकडे आणखी दोन-तीन इंच सहज दिसले असते. आणि मोजलं कधी तेही विचारा. भिजका बर्फ स्वतःच्या वजनाने खचतो. तिकडचे निरीक्षक पांढऱ्या फळीवर मोजतात आणि सहा तासांनी ती पुसूनही घेऊ शकतात. संध्याकाळी एकदाच अंगणात पट्टी रोवली तर आकडा कमीच येणार.

मग अंदाज देणाऱ्यांना एवढा अर्धा अंश आधी कळत नाही का? नाही कळत, ताई. वरच्या हवेचं तापमान मोजणारे फुगे दिवसातून दोनदा सोडतात, तेही शेकडो किलोमीटर अंतराने. मधली हवा गणिताने भरून काढावी लागते. वादळाचा मार्ग तीस किलोमीटर सरकला की समुद्राचा वारा कुठवर आत येणार ते बदलतं. उणे आठ अंशांत अर्ध्या अंशाची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. शून्यावर तीच चूक शाळा बंद ठेवायला लावते.

आता जावयांसाठी. अर्धा अंश दुसऱ्या बाजूला झुकला असता, तर त्यांच्या दारात आठ इंच पडला असता, आणि तोही जड, ओला. असा बर्फ फावड्याने उचलताना धडधाकट माणसाची छाती भरून येते. तो फांद्यांना चिकटतो, फांद्या तारांवर पडतात. २९ ऑक्टोबर २०११ ला झाडांवर पानं असतानाच असा ओला बर्फ पडला आणि ईशान्य अमेरिकेत तीस लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. मीठ-फावडं पुढच्या हिवाळ्यातही लागेल. सुट्टी वाया गेली याचं वाईट वाटणं मी समजू शकतो, पण पुढच्या वेळी अंदाज बघायचाच नाही, हे मात्र करू नका. बघताना नुसता मधला इंच बघू नका. तिकडचं हवामान खातं कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती याची शक्यताही देतं. त्या दोन आकड्यांत फार अंतर असेल आणि तापमान ३२ ते ३५ फॅरनहाइट सांगितलं असेल, तर प्रकरण काठावरचं आहे असं समजायचं. त्या दिवशी दीड इंच आणि दहा इंच, दोन्हींची तयारी ठेवायची. आणि लगदा पडल्यावर रात्री आकाश मोकळं झालं, तर सकाळी गाडी काढू नका म्हणावं. ओला रस्ता गोठून काचेसारखा होतो आणि डोळ्यांना नुसता ओलाच दिसतो.

प्रश्न: आजोळी निफाडला द्राक्षांवर गारा पडल्या, तेव्हा चांगलंच गरम होतं. गारा उन्हाळ्यात पडतात, तर आमच्याकडे बर्फ का नाही पडत?
– इयत्ता आठवी, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर: बाळा, फरक वेगाचा आणि वजनाचा आहे. हिमकण पिसासारखं, सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतं. आपल्याकडे शून्य अंशाची पातळी चार-पाच किलोमीटर वर असते. तिथून तरंगत यायला तासाहून जास्त वेळ लागेल, आणि गरम हवेत पहिल्या काहीशे मीटरमध्येच त्याचं पाणी होतं. दोन सेंटिमीटरची गार सेकंदाला वीसेक मीटरने कोसळते. तीन-चार मिनिटांत खाली येते, वितळायला तिला वेळच मिळत नाही. तुमच्या ऐरोलीवर विजा कडाडत पडणाऱ्या पावसाचे बरेच थेंब वर ढगात बर्फच असतात, वाटेत वितळलेले. पुढच्या वळवाला खिडकीतून हात बाहेर काढ आणि पहिले टपोरे थेंब तळहातावर घे. थंडगार लागतील.