स्नूकरच्या स्टिकला पोचा पडलाय, टवका उडालाय. घरी दुरुस्त होईल का?

तुमचा प्रश्न असा: ॲश लाकडाची नवीन स्टिक रिक्षातून उतरताना दांडीवर आपटली. टिपेपासून (बॉलला लागणाऱ्या टोकापासून) वीतभर अंतरावर पोचा पडला, खाली बटाच्या (मागच्या, हातात धरायच्या जाड भागाच्या) काळ्या लाकडाचा बारीक टवका उडाला. मित्र म्हणतो पॉलिश पेपर मारून सपाट कर. आणि कोल्हापुरात हे काम कोण करून देतं?

आधी तो पॉलिश पेपर मित्राला परत द्या.

पोच्यात लाकूड कुठे गेलेलं नसतं, जागच्या जागी दबलेलं असतं. पेपरने तो खड्डा घालवायचा म्हणजे भोवतीचं चांगलं लाकूड घासून खड्ड्याच्या पातळीला आणायचं. टिपेशी शाफ्ट, म्हणजे स्टिकचा पुढचा निमुळता भाग, जेमतेम साडेनऊ-दहा मिलिमीटरचा असतो. तिथला अर्धा मिलिमीटर गेला तरी हाताला कळतं, आणि गेलेलं लाकूड परत येत नाही. शिवाय ॲशच्या शिरांमध्ये बहुतेक वेळा गडद रंग भरलेला असतो. जास्त घासलं की तो निघतो आणि तेवढाच भाग पांढराफटक दिसतो.

मग बघा, दुरुस्ती खरंच हवी आहे का. डोळे मिटा आणि स्टिक ब्रिजच्या, म्हणजे टेबलावर टेकवून तिला आधार देणाऱ्या, हातातून हळू पुढेमागे सरकवा. बोटाला लागलं तरच हात घाला. नुसतं डोळ्याला दिसत असेल तर सोडून द्या, बॉल पॉट व्हायला त्याची काही आडकाठी नाही. नवी स्टिक म्हणून जीव तुटतो हे कळतं, पण क्लबात वर्षभर खेळलात की असे चार डाग आणखी पडणारच आहेत.

बोटाला लागत असेल तर पोचा पाण्याने आणि वाफेने उठतो. दबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात आणि जवळजवळ मूळ जागी येतात. शाफ्टवर लॅकरचा जाड थर असेल तर पाणी आत जाणार नाही, तेवढ्या जागेवरचा थर आधी काढावा लागतो. तेलाच्या फिनिशची स्टिक असेल तर तो त्रास नाही. पोच्यात गरम पाण्याचा एक थेंब सोडा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. बरेचदा एवढ्यानेच अर्धा पोचा वर येतो. उरला तर सुती कापडाची चिंधी भिजवून घट्ट पिळा, दुहेरी करून पोच्यावर ठेवा आणि इस्त्रीचं फक्त टोक दोन-तीन सेकंद टेकवा. चर्रर्र झालं की उचला, कापड काढून बोट फिरवून बघा. लागलंच तर पुन्हा करा, पण इस्त्री दाबून धरायची नाही. किटलीच्या तोंडावर अख्खा शाफ्ट फिरवायचा उद्योगही नको. हातभर लाकूड तापून ओलं झालं तर स्टिक वाकू शकते. फेरूलपासून, म्हणजे टिपेखालच्या पितळी कडीपासून, दोन इंच लांब राहा, कारण पितळ पटकन तापतं आणि आतला गोंद सुटतो. तुमचा पोचा वीतभर आत आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

रात्रभर वाळू द्या. सकाळी तिथं हात फिरवलात तर बारीक खरखर लागेल, ती पाण्याने उभ्या राहिलेल्या तंतूंची. इथे पुन्हा पेपरची आठवण येते, पण मी चामडं वापरतो. चप्पल लाइनीत एखाद्या कारागिराकडे तळाच्या चामड्याचा कातरलेला तुकडा मागा. हे चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, कडक आणि कोरडं. तो तुकडा शाफ्टभोवती दुमडून शिरांच्या दिशेने, हाताला ऊब लागेपर्यंत भराभर घासा. तंतू बसतात, चकाकी येते आणि लाकूड कमी होत नाही. क्रीम लावलेलं पर्सचं किंवा बुटाचं चामडं मात्र नको.

टवक्याची गोष्ट वेगळी. तिथलं लाकूड उडालंय, वाफ देऊन काही उपयोग नाही, भरावंच लागतं. सुताराची लांबी पुढच्या शाफ्टवर भरू नका. ती मऊ राहते आणि हाताच्या घासण्याने हळूहळू निघते. शाफ्टवर टवका असेल तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक पूड घ्यायची. क्लबात मोडकी ॲशची स्टिक कोपऱ्यात पडलेली असतेच, ती घासून चिमूटभर पूड मिळते. पूड टवक्यात दाबून भरायची आणि वरून पातळ फेव्हिक्विकचा एक थेंब. भुश्यात तो क्षणात धरतो, गरम होतो आणि डोळ्याला झोंबणारा धूर येतो, म्हणून खिडकीशी बसा. भरणी किंचित वर राहू द्या.

ती उतरवायची युक्ती सांगतो. दाढीचं नवं ब्लेड घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांना सेलोटेपचा एकेक वेढा द्या, मधली धार उघडी ठेवा. टवका मधोमध येईल असं ब्लेड, धार शाफ्टच्या लांबीच्या दिशेत ठेवून, जवळजवळ उभं धरून हलकेच ओढलं की टेप चांगल्या लाकडावर टेकते आणि धार फक्त वर आलेल्या भरणीला लागते. आतून भुगा निघायचा थांबला म्हणजे ब्लेड एका टेपच्या जाडीवर आलं. तेवढं उरलेलं ६०० आणि मग १००० नंबरच्या पेपरच्या नखाएवढ्या तुकड्याने. हा मित्राच्या पेपरचा खरा उपयोग. भरलेली जागा थोडी गडद दिसणारच, ॲशच्या शिरांमध्ये ती खपून जाते.

तुमचा टवका बटाच्या काळ्या लाकडात आहे, म्हणजे काम आणखी सोपं. तिथं दोन भागांच्या इपॉक्सीत कोळशाची वस्त्रगाळ पूड कालवून भरा आणि दुसऱ्या दिवशी तसंच ब्लेडने उतरवा. तोही पकडताना हाताला बोचत असेल तरच.

शेवटी तेल. कच्चं जवसाचं तेल, म्हणजे चटणीच्या जवसाचं घाण्यावरचं तेल, चालतं, पण वाळायला फार दिवस घेतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं लिनसीड लवकर वाळतं. दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन दुरुस्त केलेल्या जागेवर चोळा आणि पाच मिनिटांनी सगळं पुसून काढा. वर राहिलेलं तेल चिकट होतं आणि मग शाफ्ट ब्रिजमध्ये अडकतो. तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

आपल्याकडच्या पावसाचंही लक्षात ठेवा. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा इतकी दमट असते की लाकूड आडवं फुगलेलं असतं. त्यात केलेली भरणी उन्हाळ्यात लाकूड आकसलं की बोटाला वर लागते. वाफेचं काम पावसात केलं तरी चालेल, फक्त वाळायला जास्त वेळ द्या. भरणीचं दिवाळीनंतर बघा.

चीर असेल तर गोष्ट बदलते. तुमच्या प्रश्नात चीर नाही, पण आपटली आहे म्हणून एकदा तपासा. स्टिक उभी धरून बट जमिनीवर हलके ठोका. कडकड किंवा टिकटिक आवाज आला तर फेरूल, जॉइंट किंवा शीर सुटलीय. शिरेच्या दिशेची केसाएवढी चीर पातळ गोंद मुरवून, वर प्लॅस्टिक ठेवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने रात्रभर आवळली तर धरते. शिरेला आडवी चीर असेल तर घरी हात लावू नका.

आता कोण करून देईल. उद्यमनगरात लेथवाले पाहिजे तेवढे आहेत आणि पितळी फेरूल ते झकास काढून देतील, पण शाफ्ट लेथच्या जबड्यात द्यायचा नाही. तो धातूसाठी आहे, लाकडावर वळ उमटतात. लाकडाला मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले हात सुचवीन. सतार-तंबोऱ्याच्या बारीक चिरा भरणं आणि चपड्याचं पॉलिश करणं हे त्यांचं रोजचं काम, आणि लाकूड न घालवता दुरुस्त करायचं त्यांना सांगावं लागत नाही. गावातल्या मिस्त्रीकडेच न्यायची असेल तर शेजारी उभं राहून करून घ्या आणि आधीच बजावा: मशीन नको, रंधा नको, आणि पुढच्या हातभर भागाला पेपर अजिबात नको.